सरकारने लोकायुक्तांचा अहवाल फेटाळला, आता काय? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, राजेंद्र नगर इथली मंडळी वकिलाकडे येतात तेव्हा हातात फाइल असते आणि चेहऱ्यावर एकच भाव असतो: लोकायुक्तांनी आमच्या बाजूने लिहिलं, तरी भोपाळने ते बाजूला सारलं. प्रश्न बहुतेक जमिनीचे, प्राधिकरणाचे, नगर निगमचे. उत्तरं शक्य तितकी सरळ दिली आहेत. तुमच्या प्रकरणाचा सल्ला मात्र तुमचे कागद वाचूनच देता येईल.

लोकायुक्तांनी दोष दाखवला म्हणजे सरकारला तो मानावाच लागतो ना?

नाही. मध्य प्रदेशात १९८१ चा लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम लागू आहे. आरोप सिद्ध झाल्याची खात्री पटली की लोकायुक्त आपले निष्कर्ष आणि शिफारस पुराव्यासकट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या लोकसेवकावर कारवाईचा अधिकार ज्याला आहे त्याच्याकडे, पाठवतात. प्राधिकाऱ्याने अहवाल तपासून तीन महिन्यांच्या आत काय केलं किंवा काय करणार ते कळवायचं असतं. त्यावर लोकायुक्तांचं समाधान झालं नाही तर ते राज्यपालांकडे विशेष अहवाल पाठवू शकतात आणि तो पुढे विधानसभेच्या पटलावर जातो. कायदा इथपर्यंतच जातो. ‘करा’ असा हुकूम सोडायचा अधिकार लोकायुक्तांना नाही.

केरळातल्या एका महसुली प्रकरणात उपलोकायुक्तांनी तहसीलदाराला नोंद दुरुस्त करून कर स्वीकारण्याचा थेट आदेश दिला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला नाही. तुमचं काम अहवाल आणि शिफारस देण्याचं, असं स्पष्ट सांगितलं. याच न्यायालयाने १९९७ मध्ये आंध्र प्रदेशच्या लोकायुक्त प्रकरणात मात्र या संस्था कागदी वाघ राहू नयेत, त्यांना दात आणि नखं हवीत, असं म्हटलं होतं. दात द्यायचे विधिमंडळाने. ते आपले दात कशाला काढून देतील, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

म्हणजे सरकारने ‘नाही’ म्हटलं की विषय संपला?

संपला नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असणं आणि मनाला येईल त्या कारणाने ‘नाही’ म्हणणं यांत फरक आहे. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय सरकारचा नकार तपासू शकतं. पण न्यायालय अहवाल खरा की खोटा हे ठरवायला बसत नाही. नकाराचं कारण अहवालाला भिडतं का, एवढंच ते बघतं. येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा सांगतो, कारण दहातले आठ जण हायकोर्टात मूळ भ्रष्टाचार नव्याने सिद्ध करायला निघालेले असतात. ती लढाई लोकायुक्तांकडे झाली. इथे भांडायचं ते नकाराच्या कागदाशी.

पेपरात रोज ‘लोकायुक्तने पटवाऱ्याला रंगेहाथ पकडलं’ असं येतं. ते हेच का?

ते वेगळं. सापळे लावते ती विशेष पोलीस स्थापना. तिचा कायदा १९४७ चा, तिच्यावर देखरेख लोकायुक्तांची, आणि इंदुरात तिचं विभागीय कार्यालय आहे. तिथे गुन्हा नोंदला जातो, तपास होतो आणि मग खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. आपल्याकडे सगळे तिला ‘अभियोजन स्वीकृती’ म्हणतात. चौकशी अहवालाचा रस्ता निराळा. मात्र दोन्ही रस्ते शेवटी त्याच टेबलावर जातात, जिथे कोणीतरी ‘असहमत’ लिहून सही करतो. म्हणून पुढची उत्तरं दोन्हींना उपयोगी पडतील.

असा एखादा खटला आपल्या भागातला आहे का?

आहे, आणि देशभर त्याचा दाखला दिला जातो. इंदूर विकास प्राधिकरणाने संपादित केलेली साडेसात एकर जमीन जुन्या मालकांना बेकायदा सोडून दिल्याची तक्रार दोन मंत्र्यांविरुद्ध झाली. लोकायुक्तांनी चौकशी करून दोघांवर खटला भरण्याइतका आधार असल्याचा अहवाल दिला. मंत्रिमंडळाने कागद पाहिले आणि पुरावा तिळमात्र नाही म्हणत मंजुरी नाकारली. तेच कागद राज्यपालांसमोर गेले. त्यांना त्यांत प्रथमदर्शनी प्रकरण दिसलं आणि त्यांनी मंजुरी दिली.

मंत्री उच्च न्यायालयात गेले. राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायला हवं, हा त्यांचा मुद्दा एकल न्यायाधीशांनी मान्य केला आणि अपिलातही तो टिकला. मग विशेष पोलीस स्थापना सर्वोच्च न्यायालयात गेली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी निकाल फिरवला. आपल्याच सहकाऱ्यांवर खटला भरायचा की नाही हे मंत्रिमंडळ ठरवतं, तेव्हा पक्षपाताची शंका उघड आहे. शिवाय समोरचा पुरावा लक्षातच न घेता दिलेला नकार वरवर पाहतासुद्धा तर्कशून्य होता. अशा अपवादात्मक परिस्थितीत राज्यपाल स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ शकतात. तसं नसेल तर सत्तेतला माणूस खटल्याची भीतीच न बाळगता कायदा मोडेल, असं न्यायालयाने बजावलं.

हा निकाल ‘राज्यपाल केव्हाही मंत्रिमंडळाला डावलू शकतात’ असा वाचू नका. तुमचा विषय तहसीलदाराचा किंवा निगमच्या अभियंत्याचा असेल तर राज्यपालांचा रस्ता जवळपास बंदच आहे. या निकालातून तुमच्या कामाचा भाग एवढाच: समोरचा पुरावा न पाहता दिलेला नकार न्यायालयात टिकत नाही.

कोर्ट नकारात नेमकं काय शोधतं?

दोन नमुने बघा. दोन्ही समजावण्यासाठी तयार केले आहेत, पण मंत्रालयाचा कागद ज्याने पाहिलाय त्याला ओळखीचे वाटतील.

पहिला: ‘प्रतिवेदन का परीक्षण किया गया। शासन निष्कर्षों से सहमत नहीं है। प्रकरण नस्तीबद्ध किया जाए।’

दुसरा: ‘लोकायुक्तांनी ज्या नकाशावर भिस्त ठेवली तो सुधारित आराखड्याच्या आधीचा आहे. सुधारित आराखड्यात हा भूखंड रस्त्यासाठी राखीव नाही. सबब निष्कर्ष क्रमांक ३ स्वीकारता येत नाही. निष्कर्ष १ व २ स्वीकारून संबंधिताविरुद्ध विभागीय चौकशी सुरू करावी.’

पहिल्यात निर्णय आहे, कारण नाही. ‘परीक्षण केलं’ म्हटलंय, पण कशाचं केलं त्याचा मागमूस नाही. असा कागद हाती असला तर याचिकेला पाया मिळाला. दुसरा तुम्हाला पटणार नाही, कदाचित चूकही असेल, पण तो अहवालाच्या एका विशिष्ट मुद्द्याला विशिष्ट उत्तर देतो. तो रद्द करून घ्यायचा तर सुधारित आराखडाच दाखवावा लागेल आणि त्यात भूखंड राखीव असल्याचं सिद्ध करावं लागेल. नुसतं ‘अन्याय झाला’ म्हणून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट वकिलाला आवर्जून सांगा. कोर्टाची नोटीस गेली की सरकार शपथपत्रात नवी, गुळगुळीत कारणं मांडतं. १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालापासून नियम पक्का आहे: आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवर तोलायचा, मागाहून शपथपत्रात भरलेल्या कारणांवर नाही.

आदेशात कारण नाही, मग ते कुठे मिळेल?

नोटशीटवर, म्हणजे फाइलमधल्या ज्या पानांवर अधिकारी आपले शेरे लिहितात त्यांवर. माहितीच्या अधिकारात आदेशाची प्रत आणि नोटशीट दोन्ही मागा. अर्ज ज्या विभागाने नकार दिला त्या विभागाकडे करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणं देणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. निर्णय मंत्रिमंडळाचा असेल तर ‘गोपनीय’ असं उत्तर येईल. तेव्हा कलम ८ मधली तरतूद दाखवा: निर्णय होऊन विषय पूर्ण झाला की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य खुलं करायचं असतं. नोटशीटवर खालच्या अधिकाऱ्याने अहवालाशी सहमती लिहिलेली असते आणि वरच्याने एका ओळीत ती फिरवलेली असते, असंही दिसतं. ते पान मिळालं तर याचिकेत सगळ्यात आधी जोडा.

वकील इंग्लंडच्या पेन्शन खटल्याचं नाव घेतात. त्याचा आपल्याशी काय संबंध?

बंधन म्हणून काहीच नाही, पण हा विचार सगळ्यात स्वच्छ तिथेच मांडला गेला. तिथे संसदीय लोकपाल १९६७ च्या कायद्याने आला आणि त्याच्याही शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. कंपन्या बुडाल्या, त्यांच्या पेन्शन योजना गुंडाळल्या गेल्या आणि आयुष्यभर वर्गणी भरलेले कामगार उघड्यावर पडले. सरकारी पत्रकांत मात्र या योजना सुरक्षित असल्याचा भास करून दिलेला होता. २००६ मध्ये लोकपाल ॲन अब्राहम यांनी ती माहिती अपुरी आणि दिशाभूल करणारी ठरवली आणि नुकसान भरून देण्याचा विचार करायला सांगितलं. सरकारने जवळपास सगळंच नाकारलं.

ब्रॅडली नावाच्या पेन्शनधारकाच्या नावाने हा खटला ओळखला जातो. फेब्रुवारी २००८ मध्ये अपील न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, मंत्री लोकपालाचे निष्कर्ष नाकारू शकतो. दोन, ‘माझं मत वेगळं आहे आणि तेही समंजस आहे’ एवढं त्यासाठी पुरेसं नाही. कायद्याने नेमलेल्या व्यक्तीने चौकशी करून काढलेला निष्कर्ष का सोडला, याचं कारण त्याला द्यावंच लागेल. पत्रकांबाबतचा निष्कर्ष फेटाळणं न्यायालयाला तर्काला धरून वाटलं नाही.

हा दुसरा मुद्दा नीट लक्षात घ्या. वेगळं मत असणं सोपं असतं, कोणाचंही असू शकतं. मंत्र्याने सुरुवात स्वतःच्या मतापासून करायची नाही, अहवालापासून करायची. इथल्या सरकारी वकिलाने ‘दोन मतं शक्य आहेत’ म्हटलं की तुमच्या वकिलाने हेच उत्तर द्यावं.

कोर्ट सरळ खटला भरायचा हुकूम देईल का?

तशी मागणीच करू नका. वडोदऱ्याचे नातेवाईक असतील तर त्यांना गुजरातचं मनसुखलाल चौहान प्रकरण विचारा. लाच प्रकरणातल्या एका लेखा कर्मचाऱ्याविरुद्ध मंजुरी अडली होती. गुजरात उच्च न्यायालयाने महिन्याभरात मंजुरी द्या, असा आदेश दिला. सचिवांनी ती दिली, खटला चालला, शिक्षा झाली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळंच रद्द केलं. सचिवांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा पर्यायच उरला नव्हता, म्हणजे ती मंजुरी त्यांची नव्हतीच. इतकी वर्षं उलटल्यावर नव्याने खटला चालवणंही न्यायालयाला योग्य वाटलं नाही.

जिंकलेला आदेश पुढे आरोपीलाच सोडवतो, इतकं महाग पडू शकतं हे. म्हणून याचिकेतली प्रार्थना अशी लिहून घ्या: नकार रद्द करावा आणि सक्षम प्राधिकाऱ्याने अहवाल व पुरावा लक्षात घेऊन, ठरावीक मुदतीत, कारणांसह नव्याने निर्णय घ्यावा. निर्णय काय घ्यायचा ते त्यात नको.

मग जिंकूनही पुन्हा ‘नाही’च आलं तर?

येऊ शकतं, आणि कारणं चांगली असतील तर टिकूही शकतं. हे आधीच मान्य करून आत शिरा.

तरी फेरविचार पोकळ नसतो. इंग्लंडमध्येच इक्विटेबल लाइफ या विमा संस्थेच्या पॉलिसीधारकांबाबत लोकपालांनी २००८ मध्ये अहवाल दिला. सरकारने त्याचे काही भाग फेटाळले. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यायालयाने त्या नकारांपैकी काही रद्द केले, सगळे नाही. पुढच्या वर्षी सरकार बदललं, भरपाईचा कायदा झाला आणि दीड अब्ज पौंडांची तरतूद झाली. कोर्टाने पैसे दिले नाहीत, पण नकाराला अंग टेकायला भिंत ठेवली नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण पेन्शनचं वय वाढलेल्या ब्रिटिश महिलांचं. वयातल्या बदलाची पत्रं २८ महिने उशिरा गेली, असा ठपका लोकपालांनी ठेवला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने चूक मान्य केली, माफी मागितली, भरपाई मात्र नाकारली. महिलांची संघटना कोर्टात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, सुनावणी तोंडावर असताना, सरकारने आपण होऊन निर्णयाचा फेरविचार जाहीर केला, कारण २००७ चा एक जुना कागद आधीच्या मंत्र्यांसमोर ठेवलाच गेला नव्हता. फेरविचार म्हणजे भरपाई नव्हे, पण महत्त्वाचा कागद मंत्र्यापर्यंत न पोचणं किती भारी पडतं ते यातून दिसतं. आपल्या नोटशीटमध्ये तेच शोधायचं असतं.

सरकार ‘हो’ही म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. नुसतं बसून आहे.

हे सर्वांत जास्त होतं. तेव्हा ‘निर्णय घ्या’ एवढीच मागणी करणारी याचिका चालते आणि ती तुलनेने सोपी असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने मंजुरीसाठी तीन महिने, आणि कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एक महिना, अशी मुदत आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाळणं बंधनकारक ठरवलं. मात्र मुदत टळली म्हणून आरोपी सुटत नाही, उशिराचा जाब अधिकाऱ्याला द्यावा लागतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये तर १२० दिवसांत सरकार बोललं नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. कोणत्या कायद्याखालची मंजुरी अडली आहे ते आधी वकिलाकडून पक्कं करून घ्या, नाहीतर मुदत एका कायद्याची आणि प्रकरण दुसऱ्याचं असं व्हायचं.

सरकारने एकदा नाकारलं आणि नंतर स्वतःच मंजुरी दिली, तर आपलं काम झालं?

घाई करू नका. त्याच कागदांवर, नवा पुरावा नसताना फिरवलेला निर्णय टिकत नाही, असं २०१० च्या हिमाचल प्रदेशातल्या निशांत सरीन प्रकरणात ठरलं आहे. कोर्टाने जुना नकार रद्द केला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पाटी कोरी असते.

याचिका इंदुरात की जबलपूरला?

उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला, खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला. नकार भोपाळच्या वल्लभ भवनातून, म्हणजे मंत्रालयातून निघतो, आणि भोपाळ जबलपूरच्या कक्षेत येतं. पण जमीन, कार्यालय, मूळ कृत्य इंदुरातलं असेल तर दाव्याचं कारण अंशतः इथे घडलं आणि महात्मा गांधी मार्गावरच्या आपल्याच इमारतीत दाखल करता येतं. याचिकेच्या पहिल्याच पानांवर इंदूरशी असलेला संबंध ठळक लिहा. नाहीतर पहिली तारीख अधिकारक्षेत्राच्या वादातच जाते.

आमचे जुने कागद मराठीत, काही तर मोडीत आहेत. चालतील?

पुरावा म्हणून चालतील, पण भाषांतर जोडावं लागेल. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात इंग्रजीसोबत हिंदीची परवानगी १९७१ पासून आहे, मराठीची नाही. होळकरशाहीतल्या सनदा आणि जमिनीचे मोडी कागद घरोघरी ट्रंकेत पडलेले आहेत. लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या आणि त्याचं शपथपत्र जोडा. काकांनी वाचून सांगितलं, हे कोर्टात चालत नाही.

किती दिवसांत जावं?

रिट याचिकेला कायद्यात ठरलेली मुदत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. विलंब हेच याचिका फेटाळायचं सगळ्यात सोयीचं कारण असतं. मध्य प्रदेशचंच भाईलालभाई प्रकरण, १९६४ चं: दिवाणी दाव्याला जी मुदत लागू पडली असती ती ओलांडली तर सहसा उशीर झाला असं धरलं जातं. तीन वर्षं हातात आहेत असं मात्र समजू नका. नोटशीट मिळाली की कामाला लागा.

पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, त्याचं पाणीपट्टीचं गाऱ्हाणंसुद्धा लोकायुक्तांनी ऐकलं. आमचं का नाही?

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने आरोपांसोबत नागरिकांची गाऱ्हाणीही लोकायुक्तांकडे दिली. आपल्या कायद्याचा रोख लोकसेवकावरच्या आरोपांवर आहे. पाणीपट्टीसाठी १८१ ची हेल्पलाइन आणि मंगळवारची जनसुनावणी आहे. त्यांचं उत्तर म्हणजे लोकायुक्तांचा अहवाल नव्हे, इथलं काही तिथे लागू होत नाही.

बँक, विमा, वीज यांचे लोकपाल?

ते वेगळे. विमा लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ‘फेटाळला’ म्हणायची सोयच नाही. कंपनीला जमलं नाही तर तिलाच कोर्टात जावं लागतं.

मानवाधिकार आयोगाची शिफारस तरी?

इथे वारं बदलतंय. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये अशी शिफारस सरकारवर बंधनकारक मानली: पाळा, नाहीतर कोर्टात आव्हान द्या. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या खासगी घरावरच्या सरकारी खर्चाच्या प्रकरणात तिथल्या लोकपालाच्या अहवालाबाबत हीच भूमिका घेतली. उलट केरळात लोकायुक्तांचा पदच्युतीबाबतचा निष्कर्ष आधी बंधनकारक होता. २०२२ च्या दुरुस्तीने तो नाकारायची सोय करून घेतली आणि २०२४ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. लोकायुक्तांबाबत मध्य प्रदेशात आज मद्रासचा युक्तिवाद करून पाहता येईल, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर याचिका उभी करू नये असं माझं मत आहे.

अहवाल ज्याच्याविरुद्ध आहे त्याला पक्षकार करायचं का?

हो, नक्की. त्याला न ऐकता त्याच्या अंगावर येणारा आदेश टिकणार नाही. तो अहवालालाही आव्हान देईल: मला ऐकलं नाही, साक्षी तपासू दिल्या नाहीत. त्या मुद्द्यांची उत्तरं तयार ठेवूनच जा.

वकिलाकडे येताना काय आणू?

लोकायुक्तांकडे केलेली तक्रार आणि तिची पोच. अहवाल, निदान त्यातला निष्कर्षांचा भाग. नकाराचं पत्र, जावक क्रमांक आणि तारीख दिसेल असं. नोटशीट आली असेल तर ती, नसेल तर माहिती अधिकाराच्या अर्जाची प्रत. मूळ कागद घरी ठेवा, छायाप्रती आणा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती किंवा उत्पन्न कमी असलेली व्यक्ती असेल तर खंडपीठाच्या विधी सेवा समितीकडे आधी चौकशी करा, वकील मोफत मिळू शकतो. आणि तक्रारीत ज्यांची नावं आहेत त्यांच्याशी फोनवर तडजोडीची बोलणी करून येऊ नका. तीच गोष्ट समोरचा वकील पहिल्या तारखेला काढतो.